परदेशातील एक शालेय वाद्यपथक व त्याचे स्वयंसेवक
(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



चिटणीसांनी आम्हांस ‘अमेरिकेतील आमचे अनुभव’ असा विषय नेमून दिला होता. विषय फार मोठा आणि आमचा अनुभव फार लहान. इ. स. २०२३ च्या जुलैपासून डिसेंबरपर्यंत आम्ही उभयता अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकी टेक्सस या संस्थानात, डॅलस शहराच्या उत्तरेस, कन्येच्या बिऱ्हाडी राहिलो. त्यातील निम्मे दिवस घरातच गेले. कारण त्या मुलखात मोटारीवाचून पाऊल टाकता येत नाही, आणि आम्हांस मोटार चालविता येत नाही. तेथील रुंद रस्ते, मोठी दुकाने व उंच इमारती यांची वर्णने आपणांपैकी पुष्कळांची मुले आणि सुना दूरध्वनीवरून आपणांस रोज ऐकवीतच असतील. म्हणून आम्ही ती सोडून देतो आणि जे डोळ्यांनी पाहिले, व ज्यात आमचाही हात थोडा लागला, अशा एकाच गोष्टीविषयी चार शब्द बोलतो. ती गोष्ट म्हणजे आमच्या नातीच्या शाळेतील ‘मार्चिंग बँड’.

बँड म्हटल्याबरोबर आपल्या डोळ्यांसमोर वरात उभी राहते. कोणी शाळेत शिकविलेले असतील त्यांना २६ जानेवारीचे संचलन आठवेल: पुढे दोन ढोल, मागे चार बिगुल, आणि त्यामागे पाय जुळविण्यासाठी धडपडणारी पाचवीची मुले. हा बँड त्या दोन्हींहून निराळा आहे. नातीच्या पथकात सुमारे दोनशे मुलेमुली होत्या. बासरी, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन, ट्रंपेट, ट्रॉम्बोन, खांद्यावरून अजगरासारखा वेढा घेणारा सूझाफोन, नाना आकारांचे ढोल, आणि शिवाय झेंडे फिरविणारी एक तुकडी. ही सर्व मंडळी फुटबॉलच्या मैदानावर चालत, प्रसंगी धावत, वाजवितात. आणि चालता चालता त्यांच्या रांगांची वर्तुळे, लाटा, कोन अशा आकृती बनतात आणि विरतात. आकृती प्रेक्षकाला उंचावरून दिसते. तिच्यात उभ्या असलेल्या मुलाला ती कधीच दिसत नाही. त्याला फक्त आपली जागा ठाऊक असते.

ती जागा कशी ठाऊक असते, हे आम्हांस मोठे नवलाचे वाटले, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. तेथील मैदान १०० यार्ड लांब आणि ५३ यार्डांहून किंचित अधिक रुंद असते. त्यावर दर ५ यार्डांवर एक आडवी पांढरी रेघ. या दोन रेघांमधील अंतर प्रत्येक मुलाने बरोबर ८ पावलांत कापावयाचे. म्हणजे पाऊल साडेबावीस इंचांचे. उंच मुलालाही तितकेच आणि ठेंगण्या मुलीलाही तितकेच. कोणत्या ठोक्याला कोणत्या रेघेपासून किती पावलांवर उभे राहावयाचे याचा प्रत्येकाचा वेगळा तक्ता असतो, आणि असे साठसत्तर तक्ते एका कार्यक्रमात पाठ करावे लागतात. हे सर्व तोंडाने वाद्य फुंकीत असताना. आम्ही चाळीस वर्षे मुलांकडून पाढे पाठ करून घेतले, परंतु धावत धावत एकोणतिसाचा पाढा म्हणून दाखवा असे सांगण्याचे धैर्य आम्हांस कधी झाले नाही.

या प्रथेचे मूळ लष्करी बँडमध्ये आहे. जॉन फिलिप सूझा या बँडमास्तराचे नाव तिकडे लहान मुलांनाही ठाऊक असते. वर सांगितलेला सूझाफोन त्याच्याच नावाने ओळखला जातो. मैदानावर रांगा मोडून आकृती काढण्याचा पहिला मान इंडियाना संस्थानातील पर्ड्यू विद्यापीठाच्या बँडला देतात. १९०७ साली त्या मुलांनी आपल्या विद्यापीठाचे आद्याक्षर मैदानावर उभे केले. पहिल्या महायुद्धानंतर पलटणीतून परतलेले वादक शाळांतून शिक्षक झाले आणि वाद्ये बनविणाऱ्या कारखानदारांना पलटणीच्या जागी नवी गिऱ्हाइके हवी होती. १९२३ साली शिकागो येथे शालेय बँडची पहिली राष्ट्रीय स्पर्धा भरली ती या कारखानदारांच्याच पुढाकाराने. धंदा आणि विद्या यांची अशी सांगड तिकडे जागोजाग आढळते, आणि तिच्याकडे नाक मुरडण्याचे आम्हांस काही कारण दिसत नाही. पुढे १९७५ साली ‘मार्चिंग बँड्स ऑफ अमेरिका’ नावाची संस्था निघाली. आज ‘बँड्स ऑफ अमेरिका’ या नावाने भरणाऱ्या तिच्या स्पर्धांची अखेरची फेरी दर नोव्हेंबरात इंडियानापोलिस शहरी होते. टेक्सस संस्थानाच्या स्वतःच्या स्पर्धा निराळ्या. त्यांत प्रत्येक पथकास मैदानावर जास्तीत जास्त ८ मिनिटे मिळतात. आठ मिनिटांसाठी तयारी ऑगस्टच्या आरंभापासून. तिकडचा ऑगस्ट म्हणजे आपल्या विदर्भातील मे महिना समजावा. डांबरी पटांगणावर सकाळी आठापासून मुले उभी. गुरुजी उंच मचाणावर, हातात ध्वनिक्षेपक. आणि मेट्रोनोम नावाचे ठोके मोजणारे यंत्र टक् टक् करीत दिवसभर चाललेले.

आता स्वयंसेवकांकडे येतो, कारण आजच्या बोलण्याचा खरा विषय तोच आहे.

दोनशे मुलांचा हा व्याप चार-पाच पगारी शिक्षकांच्या हातून निभणे शक्य नाही. म्हणून प्रत्येक शाळेच्या बँडला पालकांचे एक साहाय्यक मंडळ असते. त्यास ते ‘बूस्टर क्लब’ म्हणतात. अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार, मासिक सभा, इतिवृत्त, हिशेबतपासणी, सर्व काही आपल्या या संस्थेसारखेच. फरक एवढाच की, सभेला येणारा मनुष्य घरी जाताना काही तरी काम अंगावर घेऊन जातो. (चिटणीसांनी राग मानू नये.) आमच्या जावयांनी अंगावर घेतलेले काम पाण्याचे होते, आणि घरात रिकामा बसलेला सासरा हा त्यांस आयताच मदतनीस मिळाला. मात्र तेथे शाळेत पाऊल टाकणाऱ्या प्रत्येक स्वयंसेवकाची आधी पोलिसी तपासणी होते. आमचा पासपोर्ट घेऊन नाव-गाव-जन्मतारीख तपासली, आणि मग गळ्यात अडकवावयास एक चिठ्ठी दिली. आयुष्य शाळेत गेलेल्या माणसाला प्रथम जरा चमत्कारिक वाटले. परंतु मुलांच्या जवळ कोण जातो हे पाहिलेच पाहिजे, त्यात वयाची किंवा पेशाची भीड नको, हे विचारांती पटले.

सौ.ची नेमणूक गणवेशाच्या खोलीत झाली. हा गणवेश एकट्याने घालता येत नाही, हे ऐकून आपणांस नवल वाटेल. विजार छातीपर्यंत चढते आणि अंगरख्याची साखळी पाठीवर असते. ती दुसऱ्याने ओढावी तेव्हाच चढते. दोनशे अंगरखे, दोनशे विजारी, दर वर्षी नव्या उंचीच्या मुलांना बेतून द्यावयाच्या. तेथील बायकांना यंत्रावरचे शिवण येते, पण हाताने तुरपाई घालणारी क्वचित. सौ.ने पहिल्याच दिवशी अठरा विजारी तुरपल्या. भाषेचा एक शब्द येत नसता दुसऱ्या आठवड्यात त्या खोलीत तिला सर्व जण ‘आजी’ म्हणून हाक मारू लागले. तो तिच्या नावाचाच भाग आहे अशी त्यांची समजूत झाली होती, आणि ती दूर करण्याची गरज कोणास वाटली नाही.

शुक्रवारपासून त्या मुलांचा आणि पालकांचा खरा कस लागतो. शुक्रवारी रात्री शाळेचा फुटबॉलचा सामना. तो खेळ बहुतेक हातांनीच खेळतात, तरी त्यास फुटबॉल म्हणतात. त्यावर आम्ही अधिक बोलत नाही. मध्यंतरात आपल्या बँडने वाजवावयाचे. त्याच वेळी मैदानाच्या कडेला बूस्टर क्लबचे खाद्यपदार्थांचे दुकान चाललेले असते. कोणी डॉक्टर, कोणी संगणकातला मोठा अधिकारी, कोणी शाळेच्या बसचा सारथी, असे सर्व जण एकसारख्या सदऱ्यांत उभे राहून सरबताच्या बाटल्या आणि तळलेले मक्याचे काप विकीत असतात. यातून जे पैसे उरतात त्यांतून ट्रकचे भाडे, वाद्यांची दुरुस्ती आणि ज्यांना वर्गणी झेपत नाही अशा मुलांची तूट भरून निघते. वर्गणी थोडी नव्हे. जावयांनी वर्षाला हजारावर डॉलर भरले होते. ज्याला देता येत नाही त्याने निमूटपणे गुरुजींना कळवावे, पुढे चर्चा नाही, असा त्या शाळेचा रिवाज होता.

सामना संपून मुले घरी पोहोचावयास रात्रीचे अकरा वाजले. शनिवारी पहाटे साडेपाचला पुन्हा शाळेत हजेरी. ऑक्टोबरचा मध्य, त्या दिवशी दुसऱ्या गावच्या मोठ्या क्रीडांगणावर पंचवीसएक शाळांची स्पर्धा होती. सकाळपासून प्राथमिक फेरी, संध्याकाळी निकाल, आणि निवडलेल्या दहा पथकांची रात्री अंतिम फेरी.

तो दिवस आम्ही कामकरी माणसाच्या बाजूने पाहिला, प्रेक्षकाच्या बाजूने नव्हे, म्हणून तो अधिक लक्षात राहिला. अंधारात एक अजस्र ट्रेलर उभा, आणि त्याच्या पोटात उतरंडीसारखे सामान रचण्याचे काम चाललेले. कोणते वाद्य आधी, कोणते मागून, याचा नकाशा आतल्या भिंतीवर चिकटविलेला. मारिंबा नावाचे पलंगाएवढे काष्ठतरंग चाकांवर ढकलून चढवायचे. सूझाफोन आपापल्या पेट्यांत. मग देखाव्याच्या उंच चौकटी. त्यानंतर पाण्याची पिंपे, बर्फ, प्रथमोपचाराची पेटी, सुईदोरा, जादा मोजे, जादा हातमोजे. शेवटली वस्तू म्हणून एक सपाट पेटी सौ.च्या हाती दिली गेली. तिच्यात तुरे होते.

टोपीवरील हा तुरा मुलांनी स्वतः लावावयाचा नाही. हाताच्या घामाने पिसे चिकटतात, म्हणून मैदानाच्या दाराशी रांग उभी राहिली की, हातमोजे घातलेल्या चार-सहा माता एकेका मुलापुढे जातात, मूल गुडघ्यात किंचित वाकते, आणि त्याच्या टोपीत तुरा खोवला जातो. त्या वेळी कोणी बोलत नाही. दोनशे डोकी, पाच-सात मिनिटे. सौ. सांगत होती की, मुंजीत बटूच्या मस्तकावर अक्षता टाकताना हात जसा होतो तसाच हात तेथे होत होता. आम्ही तेव्हा पाण्याच्या गाडीपाशी होतो आणि दुरून पाहत होतो.

एका पथकाला आत शिरणे, मांडामांड करणे, वाजविणे आणि सर्व सामानासकट बाहेर पडणे एवढ्याला मिळून सुमारे पंधरा मिनिटे. घड्याळ कोणासाठी थांबत नाही. उशीर झाला तर गुण कापतात. म्हणून दार उघडताच प्रथम आत धावतात ते वादक नव्हेत, स्वयंसेवक. पन्नाशीची, पोट सुटलेली, काही जण गुडघ्याला पट्टा बांधलेली पुरुषमंडळी त्या आठ-आठ फुटी चौकटी ढकलीत धावतात, खुणेच्या जागी उभ्या करतात, वाऱ्याने पडू नयेत म्हणून त्यांच्या पायांशी वजने ठेवतात, आणि तितक्याच झपाट्याने बाजूला होतात. टाळ्या त्यांच्यासाठी नसतात. मग आठ मिनिटे हीच मंडळी कडेला गुडघे टेकून बसतात. उभे राहिले तर प्रेक्षकांच्या दृष्टीआड मुले येतील ना!

आता ज्या प्रसंगासाठी हे सर्व सांगितले तो सांगतो.

त्या चौकटी ज्यांनी बनविल्या ते गृहस्थ मूळचे मेक्सिकोचे. घरांची छपरे घालण्याचा त्यांचा धंदा. उन्हाळाभर रोज संध्याकाळी काम आटोपून शाळेच्या मागील पटांगणात येत, ॲल्युमिनियमचे गज कापीत, चाके बसवीत. त्यांचा मुलगा अकरावीत, सूझाफोन वाजवी. आमची नात म्हणे की, त्या ओळीत त्याच्याइतके चांगले कोणी वाजवीत नाही.

टेक्सस संस्थानात एक कायदा आहे. एका विषयात जरी १०० पैकी ७० हून कमी गुण मिळाले, तरी त्या विद्यार्थ्यास खेळाच्या सामन्यात किंवा बँडच्या कार्यक्रमात भाग घेता येत नाही. सराव करता येतो, कार्यक्रम नाही. हा कायदा १९८४ साली झाला. त्यामागे रॉस पेरो नावाच्या उद्योगपतीच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशी होत्या. फुटबॉलच्या वेडात शाळा बुडत चालल्या असे त्या समितीचे मत होते. आरंभी ही बंदी सहा आठवड्यांची असे, १९९५ पासून ती तीन आठवड्यांची झाली. पहिले सहा आठवडे संपून गुणपत्रके हाती आली, आणि या मुलाला बीजगणितात ६६ गुण होते. चार गुणांनी तो स्पर्धेच्या शनिवारी बाद झाला.

गुरुजींपुढे प्रश्न पडला: त्याच्या जागी दुसऱ्यास उभे करावे की जागा रिकामी ठेवावी? तीन आठवड्यांसाठी साठसत्तर तक्ते नव्या मुलास शिकविणे कठीण, आणि तो मुलगा परत येणार होता. त्यांनी जागा रिकामी ठेवली. उंचावरून पाहिले असता सूझाफोनची जी महिरपीसारखी कमान होई, तिच्यात एक दात पडल्यासारखी फट दिसे. सरावात आम्ही ती रोज पाहत होतो. शेजारच्या मुलांनी फट बुजविण्यासाठी सरकावयाचे नाही, अशी त्यांस ताकीद होती.

आम्हांस वाटले, आता वडील काही येत नाहीत. अपमान झाल्यासारखे वाटून घरी बसले असते तर आम्ही त्यांस दोष दिला नसता. आपल्याकडे संमेलनाच्या नाटकात मुलाला काम मिळाले नाही की वडील वर्गणी परत मागतात, हे या सभागृहातील अनुभवी मंडळींना सांगावयास नको. पण शनिवारी पहाटे साडेपाचला ट्रेलरपाशी सर्वांच्या आधी तेच उभे. जावयांनी त्यांस विचारले, तेव्हा ते हसून म्हणाले, “बंदी मुलाला आहे, मला कोठे आहे?” आणि मारिंबाची एक बाजू धरून उचलू लागले.

मुलाला पथकाच्या बसमधून येता येत नव्हते. तो वडिलांच्या गाडीतून आला, आणि इतर प्रेक्षकांप्रमाणे तिकीट काढून वर बसला. सौ. तुरे लावण्याचे काम संपवून धापा टाकीत वर गेली ती नेमकी त्याच्या शेजारी जाऊन बसली. पुढील हकिकत तिच्याकडून ऐकलेली. पथक वाजवू लागले तेव्हा त्याने दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले, आणि उजव्या हाताच्या तीन बोटांनी गुडघ्यावर पहिल्यापासून शेवटपर्यंत आपला सर्व भाग वाजविला. एकदाही मैदानावरील त्या फटीकडे बोट दाखविले नाही की तोंडातून शब्द काढला नाही. फक्त शेवटी सामान बाहेर काढताना वडिलांच्या चौकटीचे एक चाक अडकले, तेव्हा तो ताडकन उठून उभा राहिला. खाली जाता येत नव्हते. इतर तिघांनी मिळून चौकट उचलली, वेळेच्या आत ती दाराबाहेर गेली, आणि मग तो खाली बसला. सौ.ने पिशवीतील चिवड्याची पुडी त्याच्या हातावर ठेवली. त्याने ती सगळी संपविली.

या कायद्याविषयी आमचे मत विचाराल तर ते सरळ नाही. अभ्यास सोडून मुले खेळात किंवा गाण्याबजावण्यात बुडाली, तर शाळेने लगाम खेचलाच पाहिजे. परंतु शिक्षकाच्या पेशात आम्ही असेही विद्यार्थी पुष्कळ पाहिले की, जे केवळ एका लेझमीसाठी किंवा एका कबड्डीसाठी शाळेत टिकून होते. ती दोरी कापली की ते शाळेतूनच गेले. चार गुण कमी पडलेल्या मुलाकडून नेमकी तीच वस्तू काढून घ्यावी जिच्यात त्याला नव्वद मिळाले असते, यात शिस्त आहे. शहाणपण कितपत आहे याची आम्हांस शंका आहे. सहा आठवड्यांचे तीन झाले त्या अर्थी तेथील लोकांनाही काही शंका आली असावी.

दुसरी एक गोष्ट येथे, या व्यासपीठावरून, बोलणे आम्हांस आवश्यक वाटते. आमची नात क्लॅरिनेट वाजविते. आपल्याकडील बँडवाले ज्यास क्लॅरोनेट म्हणतात तेच ते वाद्य. ती बातमी आम्ही गावी कळविली तेव्हा ज्ञातीतील एका वृद्ध नातलगाने दूरध्वनीवर विचारले, “एवढे पैसे खर्च करून पोरीला वरातीत बसविणार काय?” त्यांचा हेतू वाईट नव्हता. पण आपल्या देशात वाद्याला जात चिकटली आहे. सनई कोणी फुंकावी, हलगी कोणी बडवावी, संबळ कोणाच्या गळ्यात असावा, हे जन्माआधी ठरलेले. ज्या फुंकणाऱ्यांच्या जोरावर आपल्या घरची प्रत्येक वरात सजली, त्यांची पंगत आपण शेवटी, आणि मांडवाबाहेर, मांडली. त्या मैदानावर शल्यवैद्याचा मुलगा आणि छपरे घालणाऱ्याचा मुलगा एकाच ओळीत, एकाच वजनाचा सूझाफोन खांद्यावर घेऊन, एकाच साडेबावीस इंचांच्या पावलाने चालत होते. त्या देशात भेद नाहीत असे आम्ही म्हणत नाही. आहेत, आणि काही आपल्याहून कठोर आहेत. नावाजलेली पथके बहुधा सधन वस्तीतील शाळांची असतात, हेही आम्ही पाहिले. पण वाद्य हाती धरल्याने मनुष्य हलका होतो, ही कल्पना तेथे नाही. आपल्याकडेही आता प्रजासत्ताक दिनाच्या निमित्ताने दिल्लीस शालेय बँडची राष्ट्रीय स्पर्धा भरते. आपल्या वसतिगृहातील किती मुले त्या वाटेला गेली, याचे उत्तर व्यवस्थापक मंडळीच देऊ शकतील. माळ्यावर पडलेले दोन बिगुल आणि एक फुटका ड्रम आम्ही परवाच पाहून आलो.

आणि हे काही केवळ परदेशाचे कौतुक नव्हे. आषाढीच्या वाटेवर जी दिंडी चालते तिच्यातही प्रत्येकाची जागा ठरलेली असते: पुढे पताका, मग टाळकरी, मध्ये मृदंग, वीणा, मागे डोईवर तुळस घेतलेल्या माउल्या. ठेका चुकत नाही, ओळ मोडत नाही. वाटेवरील गावेच्या गावे पाणी आणि पिठले-भाकरी घेऊन उभी राहतात, आणि त्यांना कोणी स्वयंसेवकाची चिठ्ठी गळ्यात बांधीत नाही. मग मुलांच्या कामासाठी, शाळेसाठी, हेच हात बाहेर का निघत नाहीत? पुण्यकर्म म्हटले की आपण धावतो आणि सार्वजनिक काम म्हटले की वर्गणी देऊन मोकळे होतो, असे काहीसे आहे.

असो. संध्याकाळी निकाल लागला. गुण शंभरांपैकी देतात, आणि दशांश चिन्हापुढील आकड्यांवर पथके वर-खाली होतात. निवडलेल्या दहांत आमच्या शाळेचे नाव नव्हते; ते अकरावे आले. काही मुली रडल्या. आमची नात रडली नाही, पण मुळीच बोलली नाही. अंतिम फेरीपूर्वी खावयाचे म्हणून मातांनी दोनशे पाने तयार ठेवली होती; ती तशीच वाढली गेली. मुले जेवली, आणि मग वर जाऊन बसून दुसऱ्या दहा शाळांची पथके त्यांनी शेवटपर्यंत पाहिली, प्रत्येकासाठी उभे राहून टाळ्या वाजविल्या. गुरुजींची तशी आज्ञा होती, परंतु आज्ञेने इतक्या मोठ्याने टाळ्या वाजत नाहीत.

रात्री साडेबारास ट्रेलर पुन्हा भरला. पहाटेचा नकाशा उलट्या क्रमाने. त्या फटीमुळे गुण गेले का, असे कोणीतरी दबल्या आवाजात बोलले. दुसऱ्याने त्यास खुणेने गप्प केले, कारण ते गृहस्थ आत पट्टे आवळीत होते. त्यांनी ऐकले असावे. पट्टा आवळून झाल्यावर बाहेर आले, दार लावले, कुलूप घातले आणि अडकलेले चाक पिशवीत घालून घरी घेऊन गेले. सोमवारी सरावाला आले तेव्हा त्या चौकटीला नवे चाक होते.

आमचे जावई गणित चांगले जाणतात. त्या आठवड्यापासून मंगळवारी आणि गुरुवारी सायंकाळी तो मुलगा बीजगणिताचे पुस्तक घेऊन आमच्याकडे येऊ लागला. समीकरणे आम्हीही सोडवून दाखविली. अंकांना भाषेची अडचण पडत नाही. तीन आठवड्यांनी गुण तपासले तेव्हा त्यास ७८ होते. नोव्हेंबरच्या पहिल्या शुक्रवारी सामन्याच्या मध्यंतरात तो आपल्या जागी उभा राहिला. आम्ही त्या रात्री पाण्याच्या गाडीपाशी होतो. खालून आकृती दिसत नाही, म्हणून कमान पुरी झाली की नाही हे आम्हांस सांगता येणार नाही. सौ. वर बसली होती. ती म्हणाली, झाली.